नावाड्याचं भांडं

सन १९९६. जुलैचा शेवटचा आठवडा. गावाकडे आषाढ चालू होता. इथे बहरीनमध्ये ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावता येत नव्हता. त्या आठवड्यात दत्तप्रसादला स्वयंपाकाला आफ्रिकेत नेलं. गोष्ट त्याची आहे. मी तेव्हा इथल्याच बुदैया गावात, तो कामाला होता त्या बंगल्याच्या आवारात पाण्याचे पंप बघायचो, म्हणून मला ठाऊक.

अश्वजित, तू मघाशी म्हणालास की तू भुतं मानत नाहीस. मानू नकोस. नुसतं ऐक. प्रज्योत, दार लोटून घे.

दत्तप्रसाद वेंगुर्ल्याकडचा. नजीब साहेबांच्या बंगल्यावर आचारी होता. सगळे त्यांना अरबाब, म्हणजे मालक म्हणायचे, मीही म्हणायचो. माणूस श्रीमंत, खाण्याचा शौकीन. त्या वर्षी त्यांनी बोट्स्वाना नावाच्या देशात एक अख्खा कॅम्प आपल्या कुटुंबासाठी घेतला. तिथे ओकावांगो म्हणून नदी आहे. ती समुद्राला मिळतच नाही. वाळवंटात पसरते आणि तिथेच संपते. मैलोगणती पाणी, लव्हाळी, बेटं. हत्ती पोटापर्यंत पाण्यात उभे. लोक पैसे मोजून ते बघायला जातात. तंबूत संगमरवरी न्हाणीघर, जेवायला चांदीचे काटे, यायला-जायला छोटं विमान. अरबाबना सगळं आवडलं, जेवण सोडून. म्हणून आचारी सोबत.

दत्तप्रसाद मला सांगायचा, "काका, रात्री तंबूभायर जावची बंदी. पाणघोडे चरूक येयत. गायीसारखे चरत, पण माणसाक मधोमध तोडत."

पाहुण्यांना पाण्यातून फिरवायला नावाडी असत. एका झाडाची कोरलेली होडी. मागे उभं राहून लांब काठी तळाला टेकायची आणि ढकलायचं. त्यातला एक नावाडी दत्तप्रसादच्या वयाचा होता. उंच, कमी बोलणारा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. बोटं दाखवून त्याने सांगितलं, तीन मुलं. दत्तप्रसादने एक बोट दाखवलं. त्याची पूर्णिमा तेव्हा पाच वर्षांची होती आणि त्याने तिला दोनदाच पाहिलं होतं. नावाड्याने नावही सांगितलं. दत्तप्रसादच्या ते लक्षात राहिलं नाही. याचं त्याला पुढे फार वाईट वाटायचं.

शेवटच्या संध्याकाळी सामानाचं विमान आलं नाही. अरबाब म्हणाले, आज मासेच पाहिजेत. कॅम्पात मासा नव्हता. दत्तप्रसाद मागच्या बाजूला नोकरांच्या झोपड्यांकडे गेला. तो नावाडी आपल्या घरचे मासे साफ करत बसला होता. चार होते. दत्तप्रसादने हात जोडले, तोंडाकडे बोट केलं, अरबाबच्या तंबूकडे बोट केलं.

नावाड्याने सुरी खाली ठेवली. मग त्याने चारही मासे एका लाकडी भांड्यात घातले आणि पुढे केले. उजव्या हातात भांडं, डावा हात उजव्या कोपराला लावलेला. तिकडे मानाने काही द्यायचं किंवा घ्यायचं तर असाच हात धरतात. भांड्याला एका कडेला चीर होती, ती तांब्याच्या तारेने शिवलेली होती.

हा हात ध्यानात ठेवा.

दत्तप्रसादने जवळचं तिरफळ घालून कालवण केलं. अरबाब खूश. म्हणाले, "बोल, काय पाहिजे?"

हा म्हणाला, "बायको आणि मुलगी."

"खलास. झालं समज."

आठ वर्षं हा माणूस फॅमिली व्हिसासाठी झुरत होता. चार माशांनी तो दिला.

रात्री त्याने भांडं घासलं, पुसलं आणि परत द्यायला निघाला. दारात थांबला. भांडं रिकामं होतं. आपल्याकडे शेजारणीची वाटी कुणी रिकामी परत करतं का? निदान चिमूटभर साखर घालतात. पण साखर होती अरबाबची, तांदूळ अरबाबचा. विचारल्याशिवाय घालणं म्हणजे चोरी. आणि अरबाब झोपलेले. "रिकामां भांडां कसां देव, काका? म्हटलंय, सकाळी इचारून भरून देतलंय."

चूक म्हणाल तर एवढीच.

सकाळी पाण्याकाठी बायका रडत होत्या. घरचे मासे देऊन टाकलेले, मुलं उपाशी. म्हणून नावाडी अंधारात पुन्हा जाळं टाकायला गेला होता. होडी उलटी सापडली. एक बाजू फुटलेली. पाणघोडा. माणूस सापडला नाही.

नऊला विमान होतं. गडबडीत सगळी भांडी एका पेटीत भरली गेली. बुदैयाला येऊन पेटी उघडली, तर वरच ते लाकडी भांडं.

दत्तप्रसादने ते कपाटावर मागे सारून ठेवलं. कुणाला बोलला नाही.

डिसेंबरात त्याची बायको शेवंती आणि पूर्णिमा आल्या. अरबाबनी बंगल्यामागची खोली दिली. त्या खोलीच्या पलीकडे जुन्या काळचा हौद होता. एके काळी तिथे झरा होता, गोडं पाणी आपोआप वर यायचं आणि त्यावर खजुरीची बाग उभी होती. मग झरा आटला. शेवटचा पंप तिथून मीच काढला, सत्त्याऐंशी साली. तेव्हा वर येत होतं ते पाणी तोंडात धरवत नव्हतं, इतकं खारट. त्यानंतर हौद कोरडा. तळाला मऊ धूळ, घोट्याएवढी.

शेवंतीने घर लावताना कपाटावरून भांडं काढलं. "एवढां बरां भांडां वर टाकून ठेवलास?" म्हणाली. धुतलं आणि त्यात पूर्णिमेला भात कालवून दिला. महिनाभर पोर त्यातच जेवली. दत्तप्रसादने बघितलं. त्याला सांगायची लाज वाटली.

जानेवारीत रमझान लागला आणि पोरीने जेवण सोडलं.

आधी वाटलं, थंडी बाधली. मग डॉक्टर झाले, रक्त तपासलं, फोटो काढला. काही निघेना. पाणी प्यायची. घास तोंडाशी नेला की मान फिरवायची. शेवंतीने एकदा मारलंही. पोर रडली नाही. म्हणाली, "तेची पोरां जेवली नाय अजून."

"कोणाची गो?"

हौदाकडे बोट.

तीन आठवड्यांत पोरीच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. सलाईन लावून घरी पाठवलं. डॉक्टर म्हणाला, असंच चाललं तर आठवडा काढेल की नाही, सांगता येत नाही.

रमझानात बंगला रात्रभर जागा असतो. दत्तप्रसाद पहाटे तीनला सहरीचं, म्हणजे रोजा धरण्याआधीचं जेवण करायला उठायचा. रोज त्या वेळी पूर्णिमा अंथरुणात बसलेली दिसायची. डोळे मिटलेले. उजवा हात पुढे. डावा हात उजव्या कोपराला.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

गुरुवार, सहा फेब्रुवारी १९९७. पौषातली अमावास्या. त्या रात्री बागेची पाइपलाइन फुटली म्हणून मी आवारात थांबलो होतो. रोजा सुटल्यावर अरबाबच्या बायकोने, सुरैया बेगमनी, दत्तप्रसादकडे हरीस देऊन शेजारच्या घरी पाठवलं. गहू आणि मटण घोटून करतात ती. रमझानात इथे घरोघरी ताटं फिरतात. शेजारची म्हातारी बानू दारात आली. तिने हरीस काढून घेतली, भांडं धुतलं, त्यात मूठभर खजूर घातले आणि मग हातात दिलं. हिंदीत म्हणाली, "खाली बर्तन नहीं लौटाते, बेटा. सामनेवाला भूखा रह जाता है."

दत्तप्रसाद तसाच पंपघरात माझ्याकडे आला. खजुराचं भांडं हातात. बसला आणि सगळं सांगितलं. मी विचारलं, "त्याचे मासे किती होते?"

"चार."

"मग वाट कसली बघतोस? भर आणि देऊन टाक."

"खंय देव, काका? तो मेलो."

"जिथं मागतोय तिथं."

तो रडायला लागला. मी म्हटलं, "रडू नंतर. दुकान बंद होईल."

अरबाबच्या घरातलं काही घ्यायचं नाही, हे त्याने स्वतःच ठरवलं. पैसे त्याचे, तांदूळ त्याचा. मासे त्याचे. चारच. पंपघरातल्या स्टोव्हवर भात आणि मासे शिजवून त्या लाकडी भांड्यात भरले. नझीर ड्रायव्हर डोकावला. "आज क्या दावत है, रावजी?" मी म्हटलं, "तुझी नाही." तो हसत गेला.

पावणेतीनला आम्ही हौदावर गेलो. वारा नव्हता. बंगल्यात ताटांचे आवाज येत होते. खोलीच्या दारात शेवंती पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. तिला आता सगळं सांगितलेलं होतं. पोरीचा हात पुढे केलेलाच होता. खाली करू गेलं तर लाकडासारखा ताठ.

हौदाला अकरा पायऱ्या आहेत. दत्तप्रसाद भांडं घेऊन उतरायला लागला. मी वर राहिलो. देणं त्याचं होतं, माझं नव्हतं. माझ्याकडे बॅटरी होती. तो म्हणाला, "उजेड नको, काका."

मी बंद केली.

त्याची पावलं ऐकू येत होती. दहा... अकरा... मग धुळीतली. धुळीत पाऊल वाजत नाही, नुसतं दबतं. मग ती थांबली.

बंगल्यातला आवाजही बंद झाला. सगळा. एकदम.

आणि वास आला. चिखलाचा. कुजलेल्या लव्हाळ्याचा. वेंगुर्ल्याच्या खाडीला असतो तसा, पण त्यात मीठ नाही.

मग... छप.

थांबलं.

छप.

काठी पाण्यात पडते तसा. लांबून. हौद पंचवीस पावलांचा आहे. आवाज पंचवीस पावलांच्या कितीतरी पलीकडून येत होता.

छप... छप...

जवळ.

मी हाक मारणार होतो. तोंड उघडलं. मारली नाही.

थांबलं. बरोबर तिथे, जिथे दत्तप्रसाद उभा होता.

किती वेळ... मला सांगता येणार नाही.

दत्तप्रसादने पुढे मला एवढंच सांगितलं. त्याने भांडं उजव्या हातात धरलं, डावा हात कोपराला लावला आणि पुढे केलं. तो म्हणाला, "माका तुझां नाव आठवना नाय. माका माफ कर. भांडां भरलेलां आसा." मग भांडं हातातून वर उचललं गेलं. ओढलं नाही. उचललं. जसं माणूस माणसाच्या हातून घेतो तसं.

छप.

लांब.

छप...

आणि मागून शेवंतीचा आवाज आला. "काका... हात..."

मी वळून बॅटरी लावली. पोरीचा हात खाली पडला होता. डोळे उघडे होते. ती आईकडे बघत म्हणाली, "आये, भूक लागली."

शेवंतीने आमच्या पातेल्यात उरलेला भात कालवला. पोर जेवली. पुन्हा मागितला. बंगल्यातली ताटं पुन्हा वाजत होती.

उजाडल्यावर मी एकटा हौदात उतरलो. धूळ नेहमीसारखी कोरडी होती. दत्तप्रसादची पावलं गेलेली होती आणि आलेली होती. दुसरी पावलं नव्हती. भांडं नव्हतं. त्याच्या पावलांसमोर धुळीत एक रुंद, गुळगुळीत चर होता. सपाट बुडाचं काही सरकत यावं तसा. तो पलीकडच्या भिंतीपाशी संपत होता, भिंतीच्या आत गेल्यासारखा. चराच्या कडेला सारख्या अंतरावर गोल भोकं होती. सतरा. मनगटाएवढी.

प्रत्येक भोकात पाणी होतं.

मी शाळा चौथीपर्यंत शिकलो, पण पाणी मी तीस वर्षं ओळखतो. बोट बुडवून चव घेतली. गोड होतं. त्या जमिनीत दहा वर्षं गोड पाणी नाही.

दुपारपर्यंत भोकं वाळली. पोर त्या दिवशी तीन वेळा जेवली. देणं फिटलं.