मी सांगेपर्यंत सोडू नको

मोबाईल खिशात टाका, मग सांगतो. आमच्या साडूचा पोरगा निकेश मूल गावाकडच्या जंगलात वीज सबस्टेशनवर ऑपरेटर होता. त्याच्यावर गुजरलेली गोष्ट आहे.

गेल्या वर्षीच्या मारबतीची रात्र. सकाळी गावानं मारबतीचं बाहुलं काढून सारी इडापिडा शिवेबाहेर टाकली होती. सबस्टेशनही शिवेबाहेरच. निकेश डब्यात पोळ्याच्या उरलेल्या पुरणपोळ्या घेऊन ड्युटीवर गेला. झड लागली होती.

अकराच्या सुमारास वरून साहेबाचा फोन आला. "राखीव संपली. तुझा फीडर काढ."

वीज काही धानासारखी ढोलीत भरून ठेवता येत नाही. जितकी जळते तितकी त्याच घडीला बनवावी लागते. कुठं एखादं मशीन बसलं तर बदलीला राखीव मशीन लागते. तेही पुरलं नाही की खेड्याचा फीडर, म्हणजे लाईन, काढतात, वीज बंद करतात. कोळसा आमच्या जिल्ह्यातला, धूर आमच्या छातीत, अन् अंधारही पहिले आम्हालेच.

निकेशनं लाईन काढली. अंधार झाला की त्याला झाडू मडावी आठवे. लाईनमन होता. आदल्या वर्षी अशीच लाईन काढली असताना त्यानं खांबाखालून फोन केला होता.

"निकेशभाऊ, लाईन बंदच आहे तं जंपरची तुटलेली तार बांधून घेतो. परमिटचा कागद उद्या करू. मी सांगेपर्यंत सोडू नको."

"चढ ना बे."

तेवढ्यात दूर धरणावरचं राखीव मशीन लागलं. साहेब ओरडला, "सोड, सोड लवकर." अन् ह्यानं लाईन सोडली, झाडू खांबावर असतानाच.

चौकशीत निकेशनं सांगितलं, झाडूनं मले कळवलंच नाई. परमिट तर नव्हतंच. चूक मेलेल्याची निघाली. मेलेला काय बोलते?

तर मारबतीच्या त्या रात्री साहेबाचा पुन्हा फोन आला. "मशीन लागलं. सोड."

निकेश पॅनलकडे गेला.

हँडलला पाटी लटकत होती. 'माणूस लाईनवर आहे.'

खोलीत तो एकटाच. त्यानं लोकेशला, नव्या लाईनमनला, फोन लावला.

"मी खाटेवर आहो ना भाऊ. झोपू दे."

निकेशनं पाटी काढली. हँडलवर हात ठेवला.

मोबाईल वाजला. कानाला लावला. वारा… तार हालल्यासारखं काही…

"निकेशभाऊ."

त्यानं हँडलवरचा हात काढला.

"मी वरच आहो."

मग काही नाही. नुसता वारा.

टेबलावरचा फोन वाजू लागला. साहेब. "काऊन सोडत नाई? नोकरी जाईन तुझी."

"साहेब… माणूस आहे वर."

"कोण?"

त्या फोनवरचं सारं टेप होते. निकेशला ते ठाऊक होतं.

"झाडू," तो म्हणाला. "मले सांगून चढला होता."



निकेशची नोकरी गेली. साहेबाची नाही गेली, साहेबाची कधी जाते? गाव मात्र सकाळपर्यंत अंधारात राहिलं. निकेशनं हँडलला पुन्हा हात लावला नाही.

उजाडल्यावर तो अन् लोकेश झाडूच्या खांबाशी गेले. झड थांबली नव्हती.

खांबाखाली चपला होत्या. लाईनमन चढायच्या आधी काढतो तशा, खांबाकडे तोंड करून. डावीचा अंगठा तारेनं बांधलेला. त्या चपला झाडूच्या बायकोनं, धुरपतानं, स्वतःच्या हातानं त्याच्यासोबत मातीत ठेवल्या होत्या.

निकेशनं वाकून हात लावला.

रातभराचा पाऊस… अन् चपला कोरड्या.