नंदाबाईचा रिपोर्ट

नंदाबाईनं दार लावून घेतलं आणि ब्लाउजच्या गुंड्या काढल्या. छातीवर दोन आडवे, खडबडीत व्रण. बाकी काही उरलं नव्हतं.

"तुमच्याच रिपोर्टवरून कापलं, मॅडम. दुखून राह्यलं अजून. पण जीव वाचला ना?"

डॉ. सत्यशीला पुढं होऊन व्रण पाहू लागली. भोकरदनजवळच्या या गावात ती दोन वर्षांनी आली होती. नंदाबाईच्या माहेरी तीन पिढ्यांत सात जण कॅन्सरनं गेले होते. त्या भावकीच्या रक्तातलं, गाठीला अटकाव करणारं 'ट्यूमर सप्रेसर' जनुक ती पुण्याच्या प्रयोगशाळेत तपासत होती. निकाल सांगायला ती आज पहिल्यांदाच आली होती. आणि नंदाबाईचं जनुक तर शाबूत होतं.

नंदाबाईनं पेटीतून कागद काढला. वर प्रयोगशाळेचं नाव, खाली सत्यशीलाची खोटी सही. मधे दोनच ओळी: 'ट्यूमर सप्रेसर जनुक सापडले. दोन्ही स्तन काढणे आवश्यक.'

असे कागद अकरा बायकांना मिळाले होते.

दुसऱ्या दिवशी सत्यशीला इन्स्पेक्टर बद्रीनाथांना घेऊन जालन्यात मस्तगड भागातल्या दवाखान्यात गेली. रक्त इथूनच पुण्याला जायचं. कागद वाटले होते सिस्टर बेबीनंदानं, त्यामुळे गाव तिच्यावर खवळलं होतं. कंपाउंडर लतीफ दवाखान्याचा कॉम्प्युटर चालवायचा. शस्त्रक्रिया केल्या होत्या डॉ. धर्मराज यांनी.

"मीही फसलो," डॉक्टर म्हणाले. "रिपोर्ट टपालानं आले. मी विश्वास ठेवला."

बद्रीनाथ बेबीनंदाकडे वळले. ती रडायला लागली.

"थांबा," सत्यशीला म्हणाली. दोन वर्षांपूर्वी याच खोलीत तिनं तिघांना तासभर काम समजावलं होतं. सुरुवातीलाच फोन आला म्हणून डॉक्टर उठून गेले होते, ते परत आलेच नव्हते. "सिस्टर, मी जे जनुक तपासते, ते काय करतं?"

"गाठ होऊ देत न्हाई, मॅडम. समद्यांकडं असतंय. मोडलं की मंग धोका."

"लतीफभाई?"

"बराबर बोलली ती. नसलं तरच आफत."

"डॉक्टर, तुम्ही सांगा."

धर्मराज हसले. "कॅन्सरचं जनुक ते. ज्याच्या रक्तात सापडलं, त्याचा कॅन्सर ठरलेला. म्हणून तर आधीच काढून टाकायचं."

बेबीनंदानं चमकून लतीफकडं पाहिलं.

"ते माझ्यात आहे," सत्यशीला म्हणाली. "तुमच्यातही आहे. ते सापडणं हा आजार नाही, बिघडणं हा आजार. हे ठाऊक असलेल्यानं खोटा रिपोर्ट केला असता तर 'बिघडले' असं लिहिलं असतं. सिस्टरला ठाऊक होतं, लतीफभाईंना ठाऊक होतं. 'सापडले' असं लिहिणारा माणूस माझं बोलणं अर्धवट ऐकून गेलेला होता."

बद्रीनाथांनी डॉक्टरांचं कपाट उघडायला लावलं. आत प्रयोगशाळेच्या नावाचे कोरे कागद होते. शेजारी फोटोंच्या स्लाइडचा डबा. एक स्लाइड त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली आणि लगेच खाली ठेवली. डब्यात अकराही बायकांचे शस्त्रक्रियेनंतरचे फोटो होते, चेहऱ्यासकट. पहिल्या स्लाइडवर दिल्लीतल्या डॉक्टरांच्या परिषदेचं नाव होतं.

"एका जिल्ह्यात अशा अकरा शस्त्रक्रिया कुणी केल्यात?" धर्मराज ओरडले. "माझं नाव झालं असतं! तशाही मरणारच होत्या त्या."

सत्यशीला बाहेर जाऊन ओकली. बेबीनंदानं तिला पाणी दिलं. याच माणसाच्या हाती आपण बायकांचं रक्त, नावं, भीती सगळं सोपवलं होतं.

संध्याकाळी ती गावात परतली आणि नंदाबाईला तिनं खरं ते सांगितलं. नंदाबाईचा हात ब्लाउजच्या गुंड्यांवर गेला.

"म्हंजे मला काहीच झाल्तं न्हाई?"

"नाही."

तेवढ्यात नंदाबाईची थोरली बहीण दुर्गाबाई आली. दुर्गाबाईचं जनुक खरोखरच बिघडलेलं होतं. ते सत्यशीलाला सांगावं लागलंच. तिनं खरा रिपोर्ट पुढं केला.

दुर्गाबाईनं हात मागं घेतला. "हिला बी असाच कागद आल्ता."

नंदाबाईनंच सत्यशीलाच्या हातातला कागद घेतला आणि नीट घडी घातली.

"पुण्याला जायचं, अक्का. तपासून घ्यायचं. मी येते संग. तुला हात लावायच्या आधी मला इचारावं लागंल त्यांना."