सशाचा डावा कान

बस, सांगते. हसलीस तरी चालेल, मला स्वतःलाच अजून नीट कळलेलं नाही.

आमच्या साबणाच्या कंपनीला पन्नास वर्षं झाली, म्हणून साहेबांनी जाहिरातीतल्या सशाच्या इतिहासाची पुस्तिका माझ्या गळ्यात मारली. दुकानांसमोर नाचायचा तो पांढरा ससा गं, आत माणूस असलेला. प्रत्येक फोटोखाली आतल्या माणसाचं नाव हवं होतं. मी मनातून खूश झाले. माझे बाबा नऊ वर्षं त्या सशात होते आणि त्यांचं नाव कधीच कुठे छापलं गेलं नव्हतं. सशाने बोलायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, हा कंपनीचा नियम.

बाबांचे फोटो मी सहज ओळखणार होते. लहानपणी मी गर्दीत दिसले की ते सशाचा डावा कान ओढायचे. मीच आहे गं, एवढंच सांगायचं असायचं. ही खूण आईलाही माहीत नव्हती.

दुपारी गोदामात बसून कान ओढलेले फोटो वेगळे काढले. एकोणतीस निघाले. फोटोंच्या पाठीवरच्या तारखा वाचल्या आणि डोकंच चालेना. त्यातले अकरा बाबा गेल्यानंतरचे होते.

"मामा, नंतरच्या पोरांना हे कुणी शिकवलं?" मी गोदामवाल्या मामांना विचारलं.

"कुणी नाही. शिवण उसवते म्हणून मी रागवायचो, तर म्हणायचे... आम्ही हात लावलाच नाही."

मामा त्याच कानाला टाके घालत होते. शेवटच्या पानासाठी नवा फोटो काढायचा होता.

"मीच शिरते आत," मी म्हटलं. एकदाची शहानिशा तरी होईल.

मामांनी पाठीमागची चेन लावली. आत काळोख, रबराचा वास, आणि त्यातच बाबा गुडघ्याला लावायचे त्या तेलाचा... मला रडूच आलं. अंगणात सगळे कामगार जमले होते. मी दोन्ही हात पोटाशी घट्ट धरले आणि फोटो निघेपर्यंत सोडले नाहीत.

फोटोत सशाचा हात कानावर आहे. टाकेही उसवलेत.

साहेबांनी खाली माझं नाव लिहिलंय. उद्या पुस्तिका छापायला जाईल. मी ते खोडून बाबांचं लिहायला बसले होते, पण पेन पुढे सरकेना. बाबा कान ओढायचे ते मी समोर दिसल्यावर. मी तर आत होते. मग त्यांना समोर कोण दिसलं?