पंधरा मिनिटांची गोधडी

सप्ताहात बुवांनी गजर उचलला अन् दवनीवाड्याचा अख्खा मांडव उभा राहिला. लोकेंद्रही उठला... आणि त्याच्या पाठोपाठ सोनिकाची अर्धी गोधडीही उठली!

कीर्तनात तिचं मन रमलं की हात आपसूक टाके घालत राहायचे. आज तिनं पुढं बसलेल्याच्या शर्टाचा घोळच गोधडीला शिवून टाकला होता.

"अरे देवा! हलू नका ना —"

तो हललाच. टर्रकन शर्ट फाटला. टाका मात्र जागचा हलला नाही.

"नवा होता. माझ्याच दुकानातला."

"मंग दुकानच बदला," सोनिका म्हणाली.

रफूच्या निमित्तानं तो घरी आला. पुढं निमित्तही लागेना. त्याच्या दुकानात दर महिन्याला नवी फॅशन. हिच्याकडं वारलेल्या मायच्या सात लुगड्यांची ही एकच गोधडी, अन् एका कीर्तनाला टाक्यांची एक ओळ.

"हे गोधडी पुरी झाली का मंग बाबाले लग्नाचं विचारा," एकदा मान खाली घालून ती म्हणाली.

झालं! ती मामाकडं गेली तशी त्यानं तिच्या बाबाकडून गोधडी मागून नेली, अन् ती परतताच हसत दारात उभा.

"हे पाह्य, झाली! मशीनवर पंधरा मिनिटात!"

मायच्या जांभळ्या लुगड्यावरून टीप सरळसोट धावली होती. सोनिका डोकं धरून मटकन बसली.

"कोणं सांगतलन तुले? मायशी बोलत होतो मी याच्यात! काऊन एवढी घाई?"

"तू मले... 'तुले' म्हणली?"

"हासू नको! बस इथं. एकेक टाका उसव. लुगडं फाटलं तर पुन्हा तोंड दाखवू नको."

तो बसला. रोज दुकान बंद करून येई अन् सुईच्या टोकानं टाके उचली. पहिल्या दिवशी वीतभर, चौथ्या दिवशी हातभर... अन् दहाव्या दिवशी जेमतेम चार बोटं.

"एवढंसंच? झोपून राहिला का?" ती वैतागली.

त्याची मान वर होईना. "उसवून सरलं का तू म्हणशील, 'जा आता'. म्हणून... हळू उसवून राहिलो."

सोनिकानं कपाळावर हात मारला. काय म्हणावं या माणसाला! मग तिनं गोधडीचं दुसरं टोक मांडीवर ओढलं, सुईत दोरा ओवला.

"तिकडून तू उसवत ये, इकडून मी शिवत येतो. मधात भेटू." तिनं पहिला टाका घातला. "अन् सावकाश ये."