रेकॉर्डच्या कडेवरचं बोट

त्याने मला पहिल्यांदा पाहिलं ते एकाच डोळ्याने. दुसऱ्या डोळ्यात भिंग होतं.

संध्याकाळची वेळ. मावशीचा नाचाचा वर्ग ऐन रंगात आलेला, मी ग्रामोफोनच्या चावीशी झटापट करतेय, आणि दारात हा उभा! केसांवर चुन्याची पांढरी भुकटी, हातात चिमटा, आणि डाव्या डोळ्यात घड्याळं दुरुस्त करणारे लावतात तसलं काळं भिंग. काढायचं विसरून तसाच जिना चढून आला होता.

"इथलं सगळं कोण बघतं?" त्याने माझ्याकडे तोंड करून दरडावलं.

"बघायचं काम सध्या तुमचं चाललंय," मी म्हटलं. "काय दिसतंय त्यातून?"

तो गडबडला. "लांबचं काही दिसत नाही यातून. पिवळं... काहीतरी."

"ते पिवळं काहीतरी म्हणजे मी."

त्याने घाईघाईने भिंग काढलं. माझ्याकडे पाहिलं. आणि कशासाठी आलो होतो तेच विसरून गेला! आठवायला त्याला हातातल्या चिमट्याकडे बघावं लागलं.

"हां – खाली माझं घड्याळाचं दुकान आहे. तुमच्यातलं कुणीतरी जमिनीवर असं काही आपटतं, की वरचा चुना थेट माझ्या टेबलावर येतो. आत्ता एका बाईंचं मनगटी घड्याळ उघडून बसलो होतो. त्यात ढेकूळ पडलं. ढेकूळ!"

वर्गातल्या सगळ्यांनी एकदम बेकरीवाल्यांकडे पाहिलं.

"मी नाही," बेकरीवाले म्हणाले.

"तुम्हीच," त्यांच्या जोडीला नाचणाऱ्या हेडबाई म्हणाल्या. शाळेतून निवृत्त झाल्या तरी त्यांचा आवाज निवृत्त झाला नव्हता. "मी रोज सांगते, पाय ठेवा, पेरू नका."

हसता हसता मी चावी सोडली आणि रेकॉर्ड शेवटाकडे आली. नेहमीसारखी ती मंदावत गेली... व्हायोलिनं जडावली, पेंगुळली, आणि त्यांच्या सुरावर जोड्याही मंद झाल्या. शेवटच्या गिरकीत प्रत्येक पुरुषाने आपल्या जोडीदारिणीला हातावर घेऊन सावकाश, अगदी सावकाश मागे झुकवलं... आणि सूर थांबला. मावशीच्या वर्गाची ही खासियत. दातांचे डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई दिवसभर दवाखान्यात भांडायचे. पण या एका झुकण्यात डॉक्टरीणबाई अशा काही डोळे मिटायच्या, की भांडण मिटलं असं आम्ही समजायचो. जिन्यात ते पुन्हा सुरू व्हायचं.

घड्याळजीचं मात्र नाचाकडे लक्ष नव्हतं. तो कपाळाला आठ्या घालून ग्रामोफोनच्या कर्ण्याकडे बघत होता.

"ही रोज अशीच जीव सोडते. खाली बसून ऐकवत नाही हो."

"जीव सोडत नाही," मावशी म्हणाली, "विसावते."

"चालच तशी आहे," मी मावशीची री ओढली.

"चाल तशी नाही, स्प्रिंग तशी आहे. म्हातारी झालीय."

"तुम्हाला गाण्यातलं काय कळतं?"

"गाण्यातलं नाही कळत," तो शांतपणे म्हणाला. "पण मागे पडणारं काहीही मला लगेच कळतं."

बोलून तो गेला, आणि मी रात्रीपर्यंत मनातल्या मनात त्याला उत्तरं देत बसले. एकापेक्षा एक सरस सुचत होती!

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. या वेळी केस नीट विंचरलेले.

"वापरलेल्या सुया असतात ना तुमच्याकडे? ग्रामोफोनच्या?"

प्रत्येक रेकॉर्डला नवी सुई लावावी लागते. जुन्या मी एका डबीत टाकायचे. "त्यांचं काय करणार?"

"घड्याळात... उपयोगी पडतात."

"कुठे?"

"आत."

मी डबी दिली. मग रोजच येऊ लागला. आल्या आल्या सुया मागायचा, मग 'चुना जरा कमी पडतोय' असा अहवाल द्यायचा, मग चावी फिरवताना माझ्या हाताकडे बघत म्हणायचा, "जरा हळू, चावीबाई." वर्गातले सगळे मला चावीताई म्हणायचे. ताईची बाई फक्त त्याने केली.

"सुई बोटाला टोचेल," एकदा मी डबी पुढे करत म्हटलं.

"टोचली तर?"

"तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. ते कुठल्याही दुखण्यावर दातच काढतात."

तो इतका मोकळा हसला, की डॉक्टरांचं पाऊल चुकलं.

पण त्याच दिवसांत घरमालकीणबाईंनी वरच्या खोलीवर डोळा ठेवला. त्यांच्या भाच्याला सायकली ठेवायला जागा हवी होती. मावशी खूप विनवून आली, तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, "वाचनालयाच्या समारंभात तुमचा नाच आहे ना? बघते. ठेवण्यासारखा असला तर राहा. नाहीतर सायकली."

खोली गेली तर वर्ग गेला. वर्ग गेला की मावशी मामाकडे, दुसऱ्या गावी. आणि मी आईकडे – तेही दुसरंच गाव. खाली दुकान मात्र इथेच राहणार होतं... हा शेवटचा विचार मी कुणाजवळ बोलले नाही.

समारंभाच्या दिवशी मावशी दुपारीच सभागृहात गेली. ग्रामोफोन घेऊन मी मागून जायचं होतं. निघण्याआधी एकदा चालवून पाहावा म्हणून चावी दिली. मन धास्तावलेलं, हाताला जोर जास्त... आणि आत कुठेतरी *खट्!* झालं. चावी माझ्या हातात गरगर फिरायला लागली. कशालाच लागेना.

ग्रामोफोन छातीशी धरून मी जिना कशी उतरले, मलाच ठाऊक नाही. दुकानात भिंतभर घड्याळं टिकटिकत होती. त्याने माझा चेहरा पाहिला आणि हातातलं काम बाजूला सारलं.

"तुटली?"

मी मान डोलावली. ग्रामोफोन त्याच्या टेबलावर ठेवला.

"बसा." त्याने खालचा कप्पा ओढला आणि तेलकट कागदात गुंडाळलेली एक रुंद, निळसर स्प्रिंग काढली. ग्रामोफोनचीच.

"ही तुमच्याकडे कशी?"

"आणून ठेवली होती." तो पेच काढत राहिला. वर बघितलंच नाही. "तुमची कधीतरी तुटणार, हे ऐकूनच कळत होतं. तेव्हा तुम्हाला लांब कुठे जायला लागू नये... म्हणून."

मी टेबलाकडे बघू लागले. भिंगामागे एक काचेची बरणी होती. गळ्यापर्यंत सुयांनी भरलेली.

"या तर सगळ्या तशाच आहेत."

"हो."

"घड्याळात उपयोगी पडतात म्हणाला होतात."

"पडतील... कधीतरी." त्याचे कान लालबुंद झाले. भिंतीवरच्या एका घड्याळाने नेमका तेव्हाच ठोका दिला. त्याने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही त्यानेच चुगली केली.

स्प्रिंग बसली. रंगीत तालमीला वेळ उरलाच नव्हता. तो ग्रामोफोन घेऊन पुढे, मी कर्णा घेऊन मागे, असे आम्ही भर रस्त्यातून धावत सुटलो. मावशीला यातलं काही सांगायचं नाही, असं मी वाटेतच ठरवलं. ती आधीच पदराची टोकं पिळत असणार.

"आता बघा," धापा टाकत तो अभिमानाने म्हणाला, "पहिल्यापासून शेवटपर्यंत एका चालीत चालेल. जराही ढिली पडणार नाही."

"किती उपकार झाले तुमचे!" मी म्हटलं. आणि खरंच सांगते, तेव्हा आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

पडदा वर गेला. मालकीणबाई पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स घट्ट धरून. शेजारी भाचा, सायकलीच्या घंटीएवढं तोंड उघडून जांभई देत होता. मी विंगेत चावीपाशी, घड्याळजी माझ्या शेजारी, आणि रंगमंचावर सगळ्या जोड्या. रेकॉर्ड लागली. काय आवाज! टवटवीत, खणखणीत. बेकरीवालेसुद्धा पाय पेरत नव्हते. मी सुखाने डोळे मिटले, मनात पुढची पावलं मोजू लागले... गिरकी, गिरकी, मग सूर मंदावेल, मग सावकाश झुकायचं –

मी खाडकन डोळे उघडले.

"घड्याळजी! ती मंदावणार नाही!"

"मुळीच नाही," तो खुशीत म्हणाला.

"अहो, पण त्यांना मंद नाचायचंय! शेवटी सावकाश झुकायचंय! सगळे तसंच शिकलेत! या वेगात झुकले तर डॉक्टर डॉक्टरीणबाईंना आपटतील!"

त्याने आमचा नाच खालून ऐकला होता; वर आला तरी बघायचा माझ्या हाताकडे, नाचाकडे कधी नाहीच... मी पाहिला होता, पण चालच तशी आहे असं धरून बसले होते. आता तो रंगमंचाकडे बघायला लागला आणि त्याचा चेहरा उतरला. तिकडे जोड्या सवयीने मंदावू लागल्या होत्या. व्हायोलिनं मात्र घोड्यासारखी उधळलेली! हेडबाईंनी डोळे वटारले. डॉक्टर भांबावले. एक हात बायकोच्या पाठीशी, दुसरा कुठे ठेवायचा तेच कळेना. मालकीणबाईंची भुवई वर गेली.

"स्प्रिंग काढू?" तो पुटपुटला.

"आत्ता?"

त्याने एक क्षण डोळे मिटले. मग तर्जनी पुढे केली आणि फिरत्या रेकॉर्डच्या कडेवर अलगद टेकवली.

सूर जडावला. अगदी थोडा. मग आणखी थोडा... जिथे व्हायोलिनं पेंगुळायची, तिथेच पेंगुळली. जिथे ती उसासा टाकायची, तिथेच तो उसासा आला. इतके दिवस खाली बसून, 'ऐकवत नाही' म्हणत त्याने ती रेकॉर्ड इतकी मन लावून ऐकली होती, की तिचं मरण त्याला तोंडपाठ झालं होतं! पण बोट थरथरत होतं. सूर किंचित रडवेला होऊ लागला. मी काही विचार न करता त्याच्या हातावर माझा हात ठेवला.

थरथर थांबली. म्हणजे त्याच्या बोटाची. माझी सुरू झाली.

रंगमंचावर सगळ्या जोड्या सावकाश झुकल्या. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले. सूर थांबला. आणि सभागृहात इतकी शांतता पसरली, की मालकीणबाईंनी नाक ओढलेलं सगळ्यांना ऐकू आलं.

"तो शेवट!" त्या रुमाल शोधत म्हणाल्या. "तो शेवट पुन्हा एकदा करून दाखवा हो."

पुन्हा एकदा! विंगेत आम्ही एकमेकांकडे पाहिलं. हात अजून तिथेच होते.

खोली राहिली. फक्त मालकीणबाईंनी बजावलं की तो शेवट बदलायचा नाही. अधूनमधून त्या बघायला येणार. भाच्याच्या सायकली जिन्याखाली गेल्या.

म्हणजे आता रोज संध्याकाळी घड्याळजीला वर येणं भाग होतं. तो दुकानाला कुलूप लावून यायचा आणि रेकॉर्डच्या कडेवर बोट ठेवायचा. खरं तर चावीला थोडे वळसे कमी दिले असते, तरी काम भागलं असतं. हे मला ठाऊक होतं. त्याला तर होतंच होतं. आम्हा दोघांपैकी कुणीही ते बोललं नाही.

एका संध्याकाळी वर्ग सुटला, सगळे गेले. बाहेर पाऊस भुरभुरत होता, खिडकीच्या गजांवरून थेंब ओघळत होते. मी रेकॉर्ड पाकिटात घालणार, तेवढ्यात मावशीने ती माझ्या हातातून काढून घेतली.

"तुम्ही दोघं कधी नाचणार?"

"आम्ही कसे नाचणार?" मी म्हटलं. "मी चावीला, हे बोटाला."

"का? माझं बोट झिजलंय?" मावशीने रेकॉर्ड लावली आणि आम्हाला खोलीच्या मध्यावर अक्षरशः ढकललं. "आणि ती स्प्रिंग म्हातारी होती, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं बरं का. तुझ्या काकांचे गुडघे दुखायचे. वेगात झुकता यायचं नाही. ती मंदावायला लागली तेव्हा म्हणाले, हिला दुरुस्त करायची नाही, हिला माझी दया आलीय." मावशी कर्ण्यावरून हात फिरवत हसली. "ते गेल्यावर मला मेलीला तीच सवय झाली. चला, पाय उचला."

तो नाचला. म्हणजे, माझ्या पायावर नाचला. घामाघूम झालेला, ओठ हलत होते.

"पावलं मोजताय?"

"नाही... एक वाक्य आहे. ते बसवतोय."

शेवटची गिरकी आली. त्याने मला हातावर घेतलं आणि एका दमात म्हणून टाकलं, "सुया कशाच्याच उपयोगी पडत नाहीत तुम्हाला बघायला यायचो लग्न कराल का माझ्याशी?"

आणि मावशीने बोट टेकवलं. सूर मंदावला. आणखी मंदावला... मावशी काही सोडायला तयार नाही! मी हवेत अर्धी झुकलेली, तो माझ्यावर वाकलेला, आणि व्हायोलिनं संपायचं नाव घेईनात.

"मी ते रेकॉर्डच्या खऱ्या वेगावर बसवलं होतं," तो कळवळून कुजबुजला. "माझं आधीच संपलं. आता उरलेल्या वेळात काय करू?"

खाली दुकानात सगळी घड्याळं एकदम वाजू लागली. पहिल्यांदाच त्याला ती ऐकू आली नाहीत.

"पुन्हा म्हणा," मी डोळे मिटत म्हटलं. "सावकाश."