तुम्हीही या आमच्याकडे

शिराझमध्ये बाईनं लोकांसमोर एकटीनं गाणं म्हणजे विस्तवाशी खेळ. महशीद तो खेळ खोलीचं दार लावून खेळायची. टोपणनावानं गायची, चेहरा दाखवायची नाही, आणि गाणं इंटरनेटवर सोडून द्यायची. नाव फुटलं तर आईची शाळेतली नोकरी पहिली जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या शुक्रवारी दुपारी सरकारनं इंटरनेटची नेहमीची वाट पुन्हा बंद केली. मग मावसभाऊ सियामकनं एका फुकट प्रॉक्सीचा पत्ता पाठवला. आपण कुठून आलो ते कळू नये म्हणून दुसऱ्याच्या घरातून बाहेर पडायचं, तसली ती सोय. फोनवर त्यानं बजावलंही, "घर कुणाचं आहे, खुदा जाणे. गुपचूप जा, गुपचूप ये. गप्पा मारत बसू नकोस तिथे."

जोडणी झाली आणि पडद्यावर अक्षरं उमटली: 'या, घर आपलंच आहे.'

महशीदला हसूच फुटलं. प्रॉक्सीसुद्धा शिराझचीच निघाली म्हणायची! एवढं अगत्य झाल्यावर उत्तर दिल्याशिवाय राहवतं का कुणाला? असलं आमंत्रण शिराझमध्ये कुणी खरं मानत नाही, कुणी येतही नाही, पण म्हणायचं असतं. तिनं लिहिलं, 'तुम्हीही या आमच्याकडे.'

उत्तर आलं, 'येते.'

गाणं गेलं, आणि मग काय विचारता. संध्याकाळ व्हायच्या आत हजारो लोकांनी ऐकलं. महशीदचे पाय जमिनीवर ठरेनात. मात्र जो तो एकच लिहीत होता, दोघींचे आवाज काय सुरेख जुळलेत.

दोघींचे?

तिनं हेडफोन लावले. तिच्या आवाजाखाली खरंच दुसरा आवाज होता... दबका, ओलसर. अंगावर काटा आला, पण खरं सांगायचं तर तो आनंदाचा होता. इतकं गोड गाणं तिच्या हातून कधी झालंच नव्हतं. तिनं पुन्हा ऐकलं, मग पुन्हा. दर वेळी तो आवाज जरा वर येत होता आणि तिचा खाली जात होता.

घशाला कोरड पडली म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. आई मेथी निवडत होती.

"मैत्रीण गेली का गं तुझी?"

"कुठली मैत्रीण?"

"मघाशी आली ती. मीच नाही का दार उघडलं? लाघवी आहे हो पोर. म्हणाली, खाला, तुमच्या लेकीचं खरं नाव काय? सांगितलं मी. घरी आलेल्यापासून काय लपवायचं?"

"आई... कुठंय ती?"

"तुझ्याच खोलीत गेली की."

महशीद धावली. खोलीत कुणी नव्हतं. बुजवलेल्या विहिरीसारखा ओला वास तेवढा भरून राहिला होता. पडद्यावर वाजत्या गाण्याखाली तिचं खरं नाव आलं होतं, वडिलांच्या नावासकट. तिनं वायर उपटली. पडदा काळा झाला.

गाणं थांबलं नाही. ते आता स्वयंपाकघरातून येत होतं, अगदी तिच्याच आवाजात.

तिनं तिथूनच आईला हाक मारू पाहिली. ओठ हलले, आवाज निघेना.

गाणं मध्येच थांबलं. तिच्याच आवाजात कुणीतरी लाडानं विचारलं, "आई, माझ्या खोलीत कुणी आहे का?"

मेथी निवडता निवडता आई म्हणाली, "कुणी नाही गं, महशीद."