रांजणाचा उपास

देवपूजा आटोपून संध्या अंगणात आली, तर एक अनोळखी माणूस तिच्या रांजणात डोकं खुपसून उभा!

“चोरी करून राह्यलात, का जीव देऊन?”

तो दचकला. हातातली टॉर्च बुडाली. “मी प्रितम... नवा आरोग्यसेवक. अळ्या पाहून राह्यलो.”

“आमच्या रांजणात?”

“या, दाखवतो.”

दोघं वाकली. टॉर्च तळाशी अजून पेटलेली होती आणि उजेडात बारीक अळ्या वळवळत होत्या. पाण्यावर दोघांचे चेहरे... फार जवळ. संध्या चटकन मागं सरली.

गावात तिघांना हिवताप झाला होता. त्यांत संध्याची सात महिन्यांची पोटुशी वहिनी, अंबडच्या दवाखान्यात. ती घरी येईल तेव्हा गावात हे डास नसावेत, एवढंच संध्या रोज देवापुढं बोलायची.

प्रितम आठवडाभर भोंग्यावर ओरडला, “कोरडा दिवस पाळा!” पारावरचे हसले, “दारू बंद करून राह्यले काय?” बायका म्हणाल्या, नळ आठ दिवसांनी येतो, पाणी कोण ओतंल?

“हरलो, संध्याताई.”

“ताई?” तिनं भुवई उचलली.

“न्हाई, न्हाई... नुसतं संध्या.”

“तुम्ही हुकूम सोडता. बायका व्रत पाळतात. रांजणाला उपास धरायला लावू.”

“देवाच्या नावानं खोटं सांगायचं?”

“बिलकुल न्हाई. अळ्या दाखवून खरं तेच सांगायचं. रीत तेवढी आपली. गुरुवारी नळ येतो. बुधवारी उरलेलं पाणी धुण्याला काढायचं — ओतायचं न्हाई.”

काचेच्या बरणीत अळ्या घेऊन ती दारोदार फिरली.

“रांजणाला कसला गं उपास?” शेजारच्या दुर्गाबाईंनी टोमणा मारला.

“निर्जळी, काकू. घासून एक दिवस कोरडा ठेवायचा. माझ्या वहिनीसाठी धरा.”

दुर्गाबाई बरणीकडं बघत राहिल्या. मंग पदर खोचून त्यांनी काथ्या उचलला.

पाचव्या बुधवारी दारोदारी भांडी पालथी होती. महिनाभरात नवा ताप न्हाई. वहिनी घरी आली, तिला घरात पोचवून संध्या आणि प्रितम फाटकापाशी थांबले.

“संध्या... पुढच्या आठवड्यात आईला घेऊन येऊ?”

“रांजण पाहायला?”

“न्हाई... तुला.”

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “बुधवारी नका येऊ.”

त्याचा चेहरा पडला.

“कोरड्या घरात पाहुण्यांना पाण्याचा तांब्या कुठून देऊ?” ती हळूच म्हणाली. “गुरुवारी या... जल्दी या.”